बँकेत ८०८ आले, मग विक्री किती? ऑनलाइन विक्रेत्यांचे हिशेब लिहायला शिकताना

"ताई, बँकेत जमा झाले तेवढीच विक्री धरा की. बाकीचं त्यांनीच कापून घेतलं, ते आपल्या हातात कधी आलं?"

सोलापुरातल्या एका टॉवेलवाल्या व्यापाऱ्याने मला हे विचारलं, तेव्हा त्यांच्या आधीच्या हिशेबनिसाने दीड वर्ष अगदी तसंच केलेलं होतं. बँक स्टेटमेंट उघडायचं, अॅमेझॉन-मीशोसारख्या प्लॅटफॉर्मकडून आलेली प्रत्येक रक्कम विक्री म्हणून टाकायची, झालं काम. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये तेरीज (सगळ्या खात्यांच्या बाक्यांची यादी) जुळत होती, ताळेबंद जुळत होता आणि दोन्ही चुकीचे होते. हा धंदा शिकणाऱ्याने पहिल्या दिवशी हीच गाठ सोडवून घ्यावी, कारण पुढचं बहुतेक सगळं तिच्यातूनच निघतं.

अॅमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशोवर माल विकणारे आता सुरतेत आहेत, उल्हासनगरात आहेत, इचलकरंजीत आहेत. त्यांना माल कळतो, फोटो कळतो, जाहिरात कळते. हिशेब म्हटलं की हात वर. शेजारचे सीए हुशार असतात, पण चारशे ऑर्डरींच्या एक्सेल शीटमध्ये डोकं घालायला त्यांच्याकडे वेळ नसतो. मधली ही जागा रिकामी आहे. ती भरायला काय शिकावं लागतं, कोणत्या क्रमाने, आणि लोक कुठे अडखळतात, ते सांगते.

आधी जमा-नावे, मग टॅली

गल्लोगल्ली टॅलीचे क्लास आहेत. त्यातून बाहेर पडलेल्या दहा जणांना मी "टीडीएस कापला गेला, ते आपलं येणं की देणं?" असं विचारते, आणि बरेच जण गडबडतात. (टीडीएस म्हणजे पैसे देणाऱ्याने आधीच कापून सरकारकडे भरलेला आयकर.) कोणती की दाबायची ते त्यांना शिकवलेलं असतं, ती का दाबायची ते नसतं.

अकरावी-बारावी कॉमर्सला पुस्तपालन आणि लेखाकर्म हा विषय मनापासून केला असेल तर पाया तयार आहे. नसेल तर तीच पुस्तकं आणा आणि रोजकीर्द, खतावणी, तेरीज, अंतिम लेखे आणि बँक जुळवणी एवढे धडे कागद-पेन घेऊन सोडवा. महिनाभर पुरतो. बँक जुळवणीच्या धड्यावर दुप्पट वेळ घाला. ऑनलाइन विक्रीचे हिशेब म्हणजे तोच धडा आहे, फक्त बँकेच्या जागी प्लॅटफॉर्म येतो.

टॅलीप्राइम घरच्या कॉम्प्युटरवर एज्युकेशनल मोडमध्ये फुकट चालतं. त्यात महिन्याच्या १, २ आणि ३१ या तारखांनाच नोंदी होतात, पण सरावाला तेवढं चालतं. झोहो बुक्सही पाहून ठेवा, नव्या पोरांच्या ब्रँडमध्ये ते बऱ्याच ठिकाणी दिसतं. पण दोन्ही एकदम शिकायला जाऊ नका.

एक ऑर्डर शेवटपर्यंत सोडवा

आता त्या ८०८ कडे येऊ. ही एक ऑर्डर वहीत स्वतः मांडल्याशिवाय पुढचं वाचू नका.

सोलापूरच्या व्यापाऱ्याने बंगळुरूच्या गिऱ्हाइकाला १०५० रुपयांना टॉवेल विकला. किमतीत ५ टक्के जीएसटी धरलेला आहे. पहिला सापळा इथेच: १०५० चे ५ टक्के म्हणजे ५२.५० नाही. १०५० ला १०५ ने भागून ५ ने गुणायचं, म्हणजे ५०. विक्री १००० आणि कर ५०. माल कर्नाटकात गेला, म्हणून तो कर आयजीएसटी, म्हणजे राज्याबाहेरच्या विक्रीचा जीएसटी. तोच टॉवेल सांगलीला गेला असता तर केंद्राचा सीजीएसटी २५ आणि राज्याचा एसजीएसटी २५.

प्लॅटफॉर्मने कमिशन आणि वाहतूक मिळून २०० रुपये लावले असं धरू. त्यावर १८ टक्के जीएसटी ३६. शिवाय जीएसटी कायद्याखाली टीसीएस (प्लॅटफॉर्मने आपल्या नावावर कापून सरकारकडे भरायची रक्कम) ०.५ टक्का, तो १००० वर, म्हणजे ५ रुपये. आयकराचा टीडीएस ०.१ टक्का, म्हणजे १ रुपया. एकूण कपात २४२. बँकेत ८०८.

नोंदी तीन. पहिलीत प्लॅटफॉर्मचं खातं १०५० ने नावे, विक्री १००० ने जमा, आयजीएसटी ५० ने जमा. दुसरीत कमिशन-वाहतूक खर्च २००, जीएसटी क्रेडिट (खर्चावर भरलेला, आपल्या करातून वजा होणारा जीएसटी) ३६, टीसीएस येणे ५ आणि टीडीएस येणे १ हे चारही नावे, आणि प्लॅटफॉर्म २४२ ने जमा. तिसरीत बँक ८०८ ने नावे, प्लॅटफॉर्म ८०८ ने जमा.

प्लॅटफॉर्मच्या खात्यावर काय उरलं? शून्य. हेच पाहायचं असतं. प्लॅटफॉर्म म्हणजे बँक नाही आणि गिऱ्हाईकही नाही. तो आपला माल विकून देणारा अडत्या आहे. बाजार समितीतला अडत्या शेतकऱ्याला पट्टी देतो, तिच्यात पूर्वी अडत, हमाली, तोलाई वजा असायची. आपला बाप ती पट्टी वाचून "भाव इतका मिळाला, कापले इतके" असं वेगवेगळं सांगायचा. प्लॅटफॉर्मचा सेटलमेंट रिपोर्ट म्हणजे तीच पट्टी, फक्त शंभर रकान्यांची.

८०८ ला विक्री धरली तर काय बिघडतं? एक, १००० च्या जागी ८०८ दाखवल्याने जीएसटीत विक्री कमी दिसते. प्लॅटफॉर्म तर आपल्या जीएसटीआर-८ या महिन्याच्या रिटर्नमध्ये तुमच्या नावावर १००० टाकून मोकळा झालेला असतो. फरकाची नोटीस निघू शकते. दोन, ३६ रुपयांचं क्रेडिट बुडतं. तीन, कापलेले ५ आणि १ हे आपलेच पैसे आहेत हे कुणाच्या लक्षात येत नाही. दिवसाला शंभर ऑर्डरी असल्या तर वर्षाचा आकडा काढून पाहा. त्या टॉवेलवाल्यांसमोर मी कॅल्क्युलेटर ठेवला तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग चहा मागवला.

आयकरातही तेच. छोटे विक्रेते अनुमानित उत्पन्नाचा मार्ग घेतात, त्यात डिजिटल वसुलीच्या उलाढालीवर ६ टक्के नफा धरतात. ती उलाढाल विक्रीची असते, बँकेत आलेल्या रकमेची नाही.

जीएसटी: सगळा कायदा नको, एवढा कोपरा पक्का हवा

जीएसटी १ जुलै २०१७ ला आला आणि ई-कॉमर्सचा टीसीएस १ ऑक्टोबर २०१८ पासून सुरू झाला. तेव्हा तो १ टक्का होता, १० जुलै २०२४ पासून अर्धा झाला. आयकराचा टीडीएस १ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाला, त्याचा मूळ दर १ टक्का होता, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्का आहे. दोन्हींची नावं सारखी वाटतात आणि नवशिके हमखास घोळ घालतात, म्हणून एवढं लक्षात ठेवा: टीसीएसचे पैसे जीएसटी पोर्टलवर येतात, टीडीएसचे आयकराच्या पोर्टलवर दिसतात, आतापर्यंत ज्याला २६एएस म्हणायचे त्या वर्षाच्या पत्रकात. जुन्या कायद्यातलं १९४-ओ हे कलम सगळ्यांच्या तोंडी आहे, पण १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाल्यामुळे कलमांचे क्रमांक बदलले. क्रमांक पाठ करण्यापेक्षा कपात कशावर आणि का होते ते समजून घ्या.

दरही बदलतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक वस्तूंसाठी १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे गेले. २५०० रुपयांपर्यंतच्या कपड्याला ५ टक्के, त्यावर १८. आता गंमत बघा. कर सोडून २६०० ची कुर्ती सेलमध्ये २३९९ ला गेली तर दर बदलतो. म्हणून टॅलीतल्या वस्तूच्या मास्टरमध्ये, म्हणजे एकदाच भरून ठेवायच्या माहितीत, एकच दर ठोकून देणाऱ्या हिशेबनिसाचा घात सेलच्याच महिन्यात होतो.

महिन्याच्या तारखा अशा: १० ला प्लॅटफॉर्म जीएसटीआर-८ भरतो, ११ ला आपला जीएसटीआर-१ (विक्रीचा तपशील), १४ ला जीएसटीआर-२बी (मिळू शकणाऱ्या क्रेडिटची यादी) तयार होतो, २० ला थ्री-बी, म्हणजे कर भरायचा जीएसटीआर-३बी. वर्षाची उलाढाल ५ कोटींपर्यंत असेल तर तिमाहीचा पर्याय असतो, तेव्हा जीएसटीआर-१ तिमाहीनंतर १३ ला आणि महाराष्ट्रात थ्री-बी २२ ला. मी माझं काम ७ तारखेला संपवायचं ठरवते. संपतं ९ ला.

जीएसटीआर-१ मध्ये गिऱ्हाइकांची विक्री राज्यवार तक्ता ७ मध्ये जाते. व्यापाऱ्यांनी जीएसटी क्रमांक देऊन घेतलेला माल वेगळा, बिलवार. जानेवारी २०२४ पासून तक्ता १४ आला, त्यात कोणत्या प्लॅटफॉर्ममार्फत किती विक्री झाली ते टाकायचं. तिथे प्लॅटफॉर्मचा टीसीएसचा जीएसटी क्रमांक लागतो आणि तो कमिशनच्या बिलावरचा नसतो. ओळखायची खूण सांगते: पंधरा अक्षरांतलं चौदावं अक्षर पाहा. नेहमीच्या क्रमांकात तिथे झेड असतो, टीसीएसच्या क्रमांकात सी. मला हे कुणी सांगितलं नव्हतं, पोर्टलने तीनदा नाकारल्यावर कळलं.

टीसीएसचे ५ रुपये आपोआप वापरता येत नाहीत. पोर्टलवर टीडीएस-टीसीएस क्रेडिटच्या पानावर जाऊन ते स्वीकारावे लागतात, मग ते कॅश लेजरमध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या आपल्या रोख खात्यात येतात. नवीन क्लायंट मिळाला की मी आधी हे पान उघडते. कित्येक महिन्यांचं न स्वीकारलेलं क्रेडिट तिथे पडलेलं सापडलं की ओळख पक्की झालीच म्हणून समजा.

आणखी एक. क्लायंटने माल प्लॅटफॉर्मच्या गोदामात ठेवला का, हे पहिल्या भेटीतच विचारा. गोदाम भिवंडीला असेल तर महाराष्ट्राच्याच नोंदणीत ते जादा ठिकाण म्हणून जोडायचं. हरियाणात असेल तर तिथली वेगळी नोंदणी लागते आणि सोलापूरहून तिकडे पाठवलेला स्वतःचाच माल कायद्याने करपात्र पुरवठा ठरतो, आयजीएसटीसकट बिल करावं लागतं. "माझाच माल मलाच विकायचा?" असं क्लायंट विचारतो. हो, तसंच.

एक्सेल: इथे महिना-दीड महिना खर्च करा

माझ्या मते या कामात टॅलीपेक्षा एक्सेल मोठं. टॅलीत महिन्याला पाच-दहा गोळा नोंदी जातात, पण त्या नोंदींचे आकडे हजारो ओळींतून काढायचे असतात. पिव्होट टेबल, सम-इफ्स, व्हीलुकअप किंवा एक्सलुकअप आणि डुप्लिकेट ओळी शोधणं, एवढं हाताला बसलं पाहिजे. मॅक्रो वगैरे नंतर.

दोन खड्डे मी स्वतः पडून पाहिलेत. पहिला राज्यांच्या नावांचा. एका रिपोर्टात महाराष्ट्र पूर्ण नावाने, दुसऱ्यात नुसतं एमएच, कुठे ओडिशा तर कुठे ओरिसा. पिव्होट टाकलं की एकाच राज्याच्या दोन-तीन ओळी. उपाय सोपा आहे: राज्यांच्या सगळ्या नावांची आणि जीएसटी कोडांची एक शीट कायमची करून ठेवा, महाराष्ट्र २७, कर्नाटक २९, गोवा ३०, आणि प्रत्येक रिपोर्ट त्या कोडावर आणा.

दुसरा खड्डा जास्त खोल. एक्सेल कोणत्याही संख्येचे पहिले १५ अंकच धरून ठेवतं, पुढच्यांचे शून्य करतं. काही रिपोर्टांत ऑर्डर आयटमचा आयडी त्याहून लांब असतो. फाइल नुसती डबल क्लिक करून उघडली की शेवटचे अंक गेले. मग वेगवेगळ्या ऑर्डरी एकच दिसतात आणि लुकअप पहिल्या सापडलेल्या ऑर्डरीची रक्कम सगळ्यांना वाटत सुटतं. एका रात्री एक वाजेपर्यंत मी हजारोंचा फरक शोधत होते. शेवटी आयडींवर नजर गेली, सगळ्यांच्या शेपटीला तीन शून्यं. तेव्हापासून सीएसव्ही फाइल मी 'डेटा' मेनूतून आणते आणि आयडीचा रकाना आधी 'टेक्स्ट' करते. अॅमेझॉनच्या ऑर्डर आयडीत मध्ये रेघा असतात, त्यामुळे तो यातून सुटतो.

एक प्लॅटफॉर्म पूर्ण, मग दुसरा

प्रत्येक प्लॅटफॉर्मवर दोन जातीचे रिपोर्ट असतात आणि त्यांचा गोंधळ करू नये. एक कराचा, बिलाच्या तारखेवर चालणारा. अॅमेझॉनवर त्याला एमटीआर म्हणतात, व्यापारी आणि गिऱ्हाइकांचा वेगळा. दुसरा पैशांचा, म्हणजे सेटलमेंट, तो प्लॅटफॉर्मने पैसे सोडले त्या तारखेवर. विक्री आणि कर पहिल्यातून घ्यायचा, कपाती आणि बँक दुसऱ्यातून. ३० तारखेचं बिल, ४ तारखेला माल पोचला, १२ ला पैसे आले: विक्री मागच्या महिन्याची, पैसे या महिन्याचे. महिनाअखेरीला प्लॅटफॉर्मच्या खात्यावर जी बाकी राहते ती या अडकलेल्या ऑर्डरींची असायला हवी. तुम्ही ती यादी ऑर्डरवार काढून बाकीशी जुळवू शकलात तर तुम्हाला हे काम येतं.

कमिशनची बिलं वेगळी डाउनलोड करा आणि जीएसटीआर-२बी शी ताडून मगच क्रेडिट घ्या. कर आयजीएसटीच असेल असं गृहीत धरू नका, बिल पाहा. जाहिरातीचं बिल बऱ्याचदा निराळं येतं आणि तेच राहून जातं.

परत आलेला माल

विक्रेत्याचा खरा नफा-तोटा इथे ठरतो, म्हणून थोडं थांबते.

परतीचे दोन प्रकार. गिऱ्हाइकाने घेतलाच नाही, कुरिअरवाला घेऊन परत आला, तो आरटीओ (रिटर्न टू ओरिजिन). आणि गिऱ्हाइकाने घेऊन, वापरून पाहून मग पाठवला, तो कस्टमर रिटर्न. हिशेबात दोन्हींची विक्री उलटते, पण खर्च वेगळा लागतो. वरचाच टॉवेल गिऱ्हाइकाने परत पाठवला असं धरा. २०० पैकी कमिशन १२० होतं ते परत मिळालं, जायचं भाडं ८० गेलं, यायचं भाडं ७० लागलं. विक्री शून्य, पदरचे १५० गेले. टॉवेल ओला होऊन आला तर तोही गेला.

म्हणून परतीचं भाडं वाहतूक खर्चात मिसळू नका, त्याचं स्वतंत्र खातं उघडा. महिन्याच्या शेवटी मालक ज्या एका आकड्याकडे बघत बसतो तो हाच. कोणत्या रंगाचा, कोणत्या साइझचा माल जास्त परत येतो हे एसकेयूवार (मालाच्या प्रत्येक प्रकाराला दिलेल्या कोडनुसार) काढून दिलंत, तर तुमचे पैसे द्यायला मालक कधी कुरकुर करणार नाही.

परत आल्याचं पोर्टलवर दिसतं, पण पार्सल दुकानात आलेलंच नाही, किंवा आत दुसराच माल निघाला, असंही होतं. त्यासाठी अॅमेझॉनवर सेफ-टी क्लेम, फ्लिपकार्टवर एसपीएफ क्लेम. मुदती तोकड्या असतात. दुकानातल्या पोराला एक साधी वही द्या: तारीख, ऑर्डरचा नंबर, माल कसा आला, उघडतानाचा व्हिडिओ काढला का. दर आठवड्याला ती वही आणि पोर्टलची रिटर्न यादी समोरासमोर ठेवायची. क्लेमची मिळालेली रक्कम विक्रीत टाकू नका, तिचं खातं वेगळं.

सराव कशावर करायचा?

खरा डेटा मिळाल्याशिवाय हे शिकता येत नाही. नात्यात, ओळखीत कुणी ना कुणी मीशोवर साड्या विकतंच. त्यांच्याकडून मागचे तीन महिने मागा आणि फुकट करून द्या. कुणी नसेल तर स्वतःच तीस ऑर्डरींची शीट बनवा: दहा राज्याबाहेरच्या, सहा परत आलेल्या, दोन पुढच्या महिन्यात परत आलेल्या, एक व्यापाऱ्याची, एक हरवलेली. ती टॅलीत घालून प्लॅटफॉर्मची बाकी समजावून सांगता आली की पहिला क्लायंट घ्यायला हरकत नाही. रोज दोन तास दिलेत तर इथवर यायला पाच-सहा महिने लागावेत. त्यातला निम्मा वेळ सीएच्या ऑफिसात हाताखाली काढलात तर उत्तमच. पगार कमी मिळतो, पण नोटिशीला उत्तर कसं लिहितात ते तिथेच दिसतं.

प्रमाणपत्र हवंच असेल तर कॉमर्सच्या पदवीधराला जीएसटी प्रॅक्टिशनर म्हणून नाव नोंदवता येतं, त्याची परीक्षा नासिन ही सरकारी संस्था घेते. त्याने दुसऱ्याची रिटर्न अधिकृतपणे भरता येतात. हिशेब लिहायला मात्र कोणताही परवाना लागत नाही. ऑडिट आपलं काम नाही, ते सीएचं, आणि क्लायंटला हे आधीच सांगून टाकावं.

परदेशातल्या विक्रेत्यांचं काम घरबसल्या करणारेही आहेत. तिथे टॅली चालत नाही, क्विकबुक्स ऑनलाइन किंवा झीरो (Xero) हे सॉफ्टवेअर लागतं, आणि दोन्ही कंपन्यांचं प्रशिक्षण फुकट आहे. अमेरिकेत जीएसटी नाही, राज्याराज्याचा सेल्स टॅक्स आहे, आणि बहुतेक ठिकाणी तो प्लॅटफॉर्मच गोळा करून भरतो. प्लॅटफॉर्मचं खातं शून्यावर आणायची रीत मात्र हीच. आधी इथले दोन क्लायंट वर्षभर सांभाळा, मग तिकडे बघा.

पहिला क्लायंट आणि पैशाचं बोलणं

महिन्याचा ठोक आकडा सांगण्याआधी चार गोष्टी विचारा: ऑर्डरी किती, प्लॅटफॉर्म किती, जीएसटी नोंदण्या किती, मागचं किती तुंबलंय. मागचं काम वेगळं, त्याचे पैसे वेगळे. माझ्या पहिल्या क्लायंटला मी "सगळं बघते" म्हणून एकच आकडा सांगितला, आणि त्या "सगळं"मध्ये अकरा महिने निघाले.

मालकाचा पासवर्ड घेऊ नका, तो देत असला तरी. विक्रेत्याच्या खात्यात जादा वापरकर्ता जोडून फक्त रिपोर्टांची परवानगी देता येते, तेवढीच मागा. उद्या बँक खात्याचा क्रमांक कुणी बदलला तर संशय आधी तुमच्यावर येईल. रिटर्न भरण्याआधी आकडे व्हॉट्सअॅपवर पाठवून "भरा" असं लेखी घ्या. चूक जीएसटीआर-१ भरल्यावर लक्षात आली तर थ्री-बी भरायच्या आधी जीएसटीआर-१ए मध्ये दुरुस्त करता येते, त्यामुळे ११ आणि २० च्या मधले दिवस मोकळे ठेवा.

त्या टॉवेलवाल्यांचं दीड वर्षाचं काम निस्तरायला मला सात आठवडे लागले. फरकाचा कर व्याजासकट भरावा लागला, त्यातला काही भार पडून राहिलेल्या टीसीएसने उचलला. आता दर महिन्याच्या ८ तारखेला त्यांचा फोन येतो. विक्री किती झाली ते विचारत नाहीत. "ताई, अडत्याकडं बाकी किती?" एवढंच विचारतात.